आमच्या नातीचें ताट

आमच्या घरीं अकरा माणसें एका चुलीवर जेवतात. चूल जाऊन गॅसची शेगडी आली त्यास फार वर्षें झालीं. तरी म्हणण्याचा परिपाठ तोच आहे. दोघे चिरंजीव, दोघी सुना, तीन नातवंडें, आमच्या विधवा वडील भगिनी, थोरल्या वहिनी आणि आम्ही उभयतां. सांगलीसारख्या गांवीं दूधदुभतें, भाजीपाला, कडधान्यें यांस तोटा नाहीं, आणि ईश्वरकृपेनें तीं विकत घेण्याची आम्हांस अडचणहि नाहीं. अशा घरांतील चौदा वर्षांची मुलगी अन्नाच्या वैगुण्यानें सुकत आहे, असें कोणी म्हटलें असतें तर आम्हीं त्यास वेड्यांत काढलें असतें.

गेल्या आषाढांत तिच्या शाळेंत विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी झाली आणि नातीनें एक चिठ्ठी आणून आमच्या हातीं दिली. रक्तांतील हिमोग्लोबिन ९.४. या वयाच्या मुलीचें तें १२ च्या खालीं असूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेचें मान आहे. आमच्या परिचयाच्या डॉक्टरांनीं तिच्या पापण्या खालीं ओढून पाहिल्या, नखें पाहिलीं, आणि तिच्याशीं कांहीं न बोलतां आमच्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, ही मुलगी आळशी नाहीं. हिच्या रक्तांत लोह कमी आहे."

हें वाक्य त्यांनीं आम्हांसच उद्देशून कां म्हटलें, तें सांगितलें पाहिजे. वर्षभर ही मुलगी संध्याकाळीं पुस्तकावर डोकें टेकून झोंपी जात असे. जिना चढतांना मध्येंच कठडा धरून थांबे. गणितांत पूर्वीं पुढें असे, ती मागें पडली. आम्हीं पस्तीस वर्षें मुलांस शिकविण्यांत घालविलीं. त्या अनुभवाच्या जोरावर आम्हीं निदान करून टाकलें कीं, हा मोबाइलचा प्रताप आणि अंगचा आळस. डॉक्टरांच्या दवाखान्यांत बसून आम्हीं हें गाऱ्हाणें महिनाभर आधींच त्यांस ऐकविलें होतें. घरींहि चारचौघांदेखत तिला बोललों होतों. तिनें उलट उत्तर केलें नव्हतें. आतां वाटतें कीं, उत्तर करण्याइतकें त्राणहि तिच्या अंगीं नसावें.

डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या व आठ दिवस जें जें तोंडांत जाईल तें वहींत टिपून आणावयास सांगितलें. मुलीनें तें काम मोठ्या प्रामाणिकपणें केलें. तिची वही आम्हीं वाचली, म्हणजे जन्मभराच्या संवयीप्रमाणें तपासली. त्यांतील एका दिवसाची नोंद अशी होती: सकाळीं साडेसहा, चहा व दोन बिस्किटें. मधली सुट्टी, कँटीनमधील एक सामोसा. डब्यांतील पोळीभाजी अर्धी परत. दुपारीं एक, भात, आमटी, बटाट्याची भाजी, लगेच चहा. पांच वाजतां, पाकिटांतील नूडल्स. रात्रीं सवानऊ, आईबरोबर, भात व आमटी. भाजी संपली होती.

"भाजी संपली होती" हें शेवटचें वाक्य आठांपैकीं पांच दिवसांच्या नोंदींत होतें. पांचव्यांदां तें वाचल्यावर आम्हीं चष्मा काढून ठेवला.

आमच्या घरचा रिवाज वाचकांस अपरिचित नसेल. रात्रीं आधीं पुरुष व लहान मुलें बसतात, सुना वाढतात, मग बायकांची पंगत. नातीस बारावें वर्ष लागल्यापासून ती आईच्या हाताखालीं वाढूं लागली व बायकांबरोबर जेवूं लागली. तिचा धाकटा भाऊ मात्र आमच्या शेजारीं बसतो. यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. मुलीस वळण लागत आहे, असें आम्हीं कौतुकानें म्हणतहि असूं. परंतु पंगतींत आधीं संपतें काय आणि मागें उरतें काय, याचा विचार आम्हीं कधीं केला नव्हता. भात उरतो, आमटी उरते. संपते ती पालेभाजी, उसळ, कोशिंबीर. आणि लिंबाच्या फोडी तर पहिल्या पंगतींतच पिळून होतात. ताटाची डावी बाजू पुरुषांच्या पंगतीला भरलेली असते आणि बायकांच्या पंगतीला तेथें चिमूटभर मीठ आणि लोणच्याचा खार एवढेंच काय तें राहतें.

ही डावी बाजू केवळ जिभेच्या चोजासाठीं नाहीं, हें आम्हांस या निमित्तानें समजलें. धान्यें, डाळी व पालेभाज्या यांत लोह असतें. परंतु शाकाहारांतील हें लोह शरीर फार थोडें उचलतें. त्याच जेवणांत लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर असें क जीवनसत्त्व असलेलें कांहीं पोटांत गेलें, तर तेंच लोह कितीतरी अधिक शोषलें जातें. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर चहांतील टॅनिन त्या लोहास धरून ठेवतें व तें तसेंच वायां जातें. म्हणजे आमची नात एका हातानें जें मिळवावयाचें तें मिळवीत नव्हती, आणि जें थोडें मिळे तें दुसऱ्या हातानें चहांत बुडवीत होती. चहाची ही संवय तिला लाविली कोणीं? दुपारीं एकच्या जेवणानंतर या घरांत चहाचें आधण पडतें तें आमच्यासाठीं.

आमचें थोडें संस्कृत झालेलें आहे; म्हणून चरकसंहितेचें विमानस्थान पुन्हां काढून पाहिलें. तेथें आहाराचा विचार आठ अंगांनीं करावयास सांगितला आहे: प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. हीं आठ नांवें आम्हीं तरुणपणीं पाठ केलीं होतीं, आणि पाठ केलेल्या पुष्कळ गोष्टींप्रमाणें तीं तशींच पडून राहिलीं होतीं. संयोग म्हणजे कशाबरोबर काय खाल्लें तें. काल म्हणजे केव्हां. उपयोक्ता म्हणजे खाणारा कोण. पदार्थ उत्तम असला म्हणजे झालें, असें त्या ग्रंथकारानें कोठेंहि मानलेलें नाहीं. पांडुरोगावर त्याच संहितेच्या चिकित्सास्थानांत स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यांत लोहाचे कल्पहि आहेत. ग्रंथ घरांत, आणि पांडुता नातीच्या पापणीखालीं. दोहोंची गांठ डॉक्टरांनीं घालून द्यावी लागली.

आमची दुसरी समजूत दुधाविषयींची होती. दूध पूर्णान्न, मुलीस रोज पेलाभर दूध मिळतें, मग तिला काय उणें? दुधांत चुना व प्रथिनें भरपूर आहेत हें खरेंच, परंतु लोह जवळजवळ नाहीं. गुळाचीहि तीच गोष्ट. गुळांत लोह असतें, पण त्याची कीर्ति त्याच्या गुणाहून मोठी आहे. रक्त वाढावें म्हणून जितका गूळ खावा लागेल तितका खाणें शहाणपणाचें नव्हे. उपासाचा साबुदाणा तर केवळ पीठ. टॅपिओकाच्या कंदापासून तो करितात; त्यांत प्रथिन नांवालाच आणि लोह नगण्य. आमची नात आजीच्या सोबतीनें सोमवार व चतुर्थी करीत असे, आणि त्या दिवशीं दोन्ही वेळां खिचडी खात असे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रमाणांत तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास दिवसाला २२ मिलिग्रॅम लोह पुरेसें सांगितलें आहे. त्याच वयाच्या मुलीस ३० मिलिग्रॅम. (ही संस्था १९१८ सालीं मॅकॅरिसन यांनीं कुन्नूर येथें बेरीबेरी रोगाच्या शोधासाठीं एका खोलींत सुरू केली; १९५८ सालीं ती हैदराबादेस आली.) मुलीस अधिक कां, तें उघड आहे. वाढीच्या वयांत मुलामुलींची गरज सारखीच वाढते; मुलीच्या शरीरांतून मात्र दर महिन्यास रक्त जाऊं लागतें. ज्या वर्षीं तिची गरज वाढते, नेमकें त्याच वर्षापासून आमच्या घरीं ती दुसऱ्या पंगतीस बसूं लागते.

आठ दिवसांच्या वहीनंतर मुलीनें रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांदेखत सांगितलें कीं, तिला चार गोष्टी हव्या आहेत. चहा जेवणानंतर तासाभरानें. उपासाला साबुदाण्याऐवजीं राजगिरा किंवा भगर. आठवड्यांत तीनदां मोड आलेलीं कडधान्यें. आणि चौथी गोष्ट तिनें जरा अडखळत सांगितली: "मला पहिल्या पंगतीला बसायचं आहे, आजोबा."

आमच्या भगिनींनीं कपाळास आठ्या घातल्या. "आम्ही जन्मभर मागाहून जेवलों, आम्ही काय वाळलों?" असें त्या म्हणाल्या. आम्हांसहि तें ऐकून बरें वाटलें, हें लपवीत नाहीं. आमचे वडील पुण्यास वारावर जेवून शिकले; सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. ज्याला दुसऱ्याच्या ओसरीवर जेवावयाचें आहे त्यानें आवडनिवड बोलूं नये, हा त्यांचा बाणा होता, आणि ताटांत पडेल तें मुकाट्यानें खावें ही शिस्त त्यांनीं आम्हांस व आम्हीं पुढें मुलांस लाविली. ती शिस्त वाईट आहे असें आम्हांस अजूनहि वाटत नाहीं. पण वारकरी विद्यार्थ्याच्या ताटांत यजमानीण कांहींतरी वाढीत असे. येथें ताटांत पडेल तें खाण्यास मुलगी तयार होती. ताटांत पडत नव्हतें.

आत्याआजीच्या प्रश्नावर मुलीनें वाद घातला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "मग सगळ्यांचंच रक्त तपासूं या कीं." थट्टेंत निघालेली गोष्ट, पण धाकट्या सूनबाईंनीं ती उचलून धरली आणि पुढच्या रविवारीं प्रयोगशाळेचा माणूस घरीं येऊन लहानगा वगळून सर्वांचें रक्त घेऊन गेला. निकाल आला तो असा. पुरुषांत आम्ही व दोघे चिरंजीव तिघेहि १३ च्या वर. नातूहि त्याच्या वयाच्या मानानें ठीक. बायका नातीखेरीज पांच. त्यांपैकीं चौघी १२ च्या खालीं. भगिनींचें ९.८, म्हणजे नातीहून किंचितच बरें. ज्या आपण वाळलों नाहीं असें म्हणत होत्या, त्यांचे पाय संध्याकाळीं जड होतात, छाती धडधडते, हें वय म्हणून आम्हीं सोडून दिलें होतें.

एकाच चुलीवरचें अन्न खाणाऱ्या एकाच घरांतील हे आंकडे आहेत. आमचेंच घर विशेष वाईट, असेंहि नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींच्या रक्तांत ही न्यूनता आढळली. त्याच वयाच्या मुलग्यांत शेंकडा ३१.

त्या रात्रीपासून पंगत एक झाली. भांडीं मध्यें ठेवावयाचीं, ज्यानें त्यानें वाढून घ्यावयाचें, आणि सर्वांनीं एकदम बसावयाचें. लिहितांना हें एक वाक्य आहे. अमलांत आणतांना महिना गेला. तव्यावरचा फुलका थेट ताटांत पडण्याचें आमचें चाळीस वर्षांचें सुख गेलें. पहिले आठ दिवस आम्ही पोळी गार म्हणून कुरकुरलों. थोरल्या चिरंजीवांस आपल्या हातानें वाढून घेण्याचें इतकें अनभ्यस्त कीं, ते वाडगा पुढें करून वाट पाहत बसत. वहिनी तर सर्वांबरोबर बसल्या तरी घांस घेईनात. सर्वांचें झालें कीं नाहीं हें पाहण्यांत त्यांचें लक्ष. शेवटीं पालेभाजी दुप्पट करावी लागूं लागली, तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, इतकीं वर्षें ती अर्ध्याच माणसांपुरती होत होती.

स्वयंपाकघरांत आणखी कांहीं फेरफार झाले. माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई खालीं आली; टोमॅटो, चिंच, आमसूल असें आंबट घालून तींत केलेल्या भाजींत कढईचेंहि थोडें लोह उतरतें. मटकी, मूग भिजवून मोड आणले कीं त्यांतील लोह बांधून ठेवणारें द्रव्य कमी होतें. इडलीडोशाचें पीठ आंबविण्यानेंहि तेंच होतें. पालक तितका उपयोगी नाहीं जितका त्याचा बोलबाला आहे. त्याहून माठ, चवळीची पालेभाजी, हरभऱ्याचा पाला आमच्या बाजारांत स्वस्त मिळतात. बाजरीची भाकरी आमच्या घरीं भोगीपुरती होत असे, ती आतां थंडीच्या दिवसांत आठवड्यांतून दोनदां होते. अळिवाचे लाडू बाळंतिणीसाठींच असतात, ही आमच्या कुटुंबाची समजूत होती. बाळंतीण होण्यापूर्वीं पंधरा वर्षें ते दिले तर काय बिघडेल, असें मुलीनें विचारलें; त्यावर कोणास उत्तर सुचलें नाहीं.

घर वळलें, शाळा वळणें कठीण गेलें. सकाळची शाळा, मधली सुट्टी वीस मिनिटांची. त्यांत हात धुवावयाचे, रांगेंत उभें राहावयाचें, मैत्रिणींशीं बोलावयाचें. भाकरीचा डबा उघडला कीं "आजीबाईंचा डबा" म्हणून हंशा. पहिले पंधरा दिवस मुलगी डबा झांकून खात असे. मग तिनें युक्ति काढली: चमच्यानें खातां येईल व रंगानें चांगलें दिसेल असेंच न्यावयाचें. दडपे पोहे वर लिंबू पिळून, कोरडी मटकी कांदा-टोमॅटो घालून, लहान लहान थालिपिठें. थालिपिठें मैत्रिणींनींच संपविलीं व ती उपाशी घरीं आली. दुसऱ्या दिवसापासून सूनबाईंनीं दोन अधिक दिलीं.

शाळेच्या कँटीनमध्यें सामोसा, वेफर्स व बाटलींतील गोड पेयें विकत असत. महाराष्ट्र शासनानें २०१७ सालींच शाळांच्या उपाहारगृहांत असे पदार्थ ठेवूं नयेत असें ठरविलें आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणें तर शाळेच्या आवारांत व फाटकापासून ५० मीटरपर्यंत अति मीठ, साखर व स्निग्ध असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. आम्ही लगेच मुख्याध्यापिकांस पत्र लिहावयास सरसावलों. नातीनें हात धरला. "आजोबा, तुम्ही लिहिलंत तर तें तुमचं पत्र होईल. मग कँटीनवाले काका माझ्याशीं बोलायचे नाहींत." तिनें दोन मैत्रिणी घेऊन त्या गृहस्थांशींच बोलणें केलें. त्यांचें म्हणणें ऐकण्यासारखें होतें: "ताई, उसळ दहा वाजतां आंबते. सामोसा पुन्हां तळून देतां येतो. भाडं तर मला दरमहा भरावंच लागतं." पुन्हां तळून देतां येतो, हें त्यानें इतक्या निर्मळपणें सांगितलें कीं मुलींनीं त्या दिवसापासून सामोसा सोडला.

आतां तेथें उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा व शेंगदाण्याची चिक्की रोज मिळते, आणि सोमवारीं व गुरुवारीं मटकीची भेळ लिंबू पिळून. भेळ आदल्या दिवशीं मागणी नोंदवूनच करितात, म्हणजे नासत नाहीं. मागणीची वही नातीकडे आहे. गोड पेयांच्या बाटल्या गेल्या. वेफर्सची हातगाडी रस्त्यापलीकडे, पन्नास मीटर जेथें संपतात तेथें उभी आहे, आणि तिच्यावरील गर्दी कमी झालेली नाहीं.

हें सर्व वाचून कोणी असें समजूं नये कीं, भाजी आणि लिंबू यांनीं मुलीचें रक्त भरलें. डॉक्टरांनीं प्रथमच बजाविलें होतें कीं, एकदां इतकी न्यूनता आल्यावर केवळ आहारानें ती महिन्या दोन महिन्यांत भरून येत नाहीं. गोळ्या घेतल्याच पाहिजेत, आणि जंताचें औषधहि. गोळ्यांनीं मळमळतें, शौचास काळें होतें. भाद्रपदांत तिनें सहा दिवस गोळी वेलींच्या कुंडींत टाकली व आजीनें पाणी घालतांना ती पाहिली. पूर्वींचे आम्ही असतों तर पुन्हां चारचौघांदेखत बोललों असतों. या वेळीं तिला डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं गोळी बदलून रात्रीं जेवणानंतर दोन तासांनीं लिंबाच्या पाण्याबरोबर घेण्यास सांगितलें. तेव्हांपासून ती नियमित आहे.

मार्गशीर्षांत पुन्हां रक्त तपासलें. नातीचें ११.६ भरलें; १२ अजून दूर आहेत, पण जिना ती न थांबतां चढते, आणि रात्रीं पुस्तकावर डोकें टेकीत नाहीं. गणितांत अजून पूर्वींच्या जागीं आली नाहीं. त्याविषयीं आम्ही कांहीं विचारीत नाहीं. भगिनींचें १०.७. त्यांनीं चतुर्थी सोडलेली नाहीं. राजगिऱ्याची भाकरी खाऊन ती पाळतात, आणि साबुदाण्याची आठवण मात्र दर वेळीं मोठ्यानें काढतात.

दुपारीं दोन वाजतां आमचा चहा येतो. पूर्वीं तो एक वाजून वीस मिनिटांनीं येत असे. मधलीं चाळीस मिनिटें आम्ही वर्तमानपत्र वाचण्यांत घालवितों. पण खरें सांगावयाचें तर घड्याळ पाहण्यांत घालवितों. पुढील तपासणी फाल्गुनांत आहे. परवां भगिनींनीं आपण होऊन आम्हांस विचारलें कीं, रक्त घेणारा तो मुलगा नक्की कोणत्या तारखेस येणार, कारण त्या दिवशीं आपला उपास तर नाहीं ना, हें त्यांस पंचांगांत पाहावयाचें होतें.